तिघांना पुरेल

मोठ्या बाईंना चौघांचा स्वयंपाक येत नव्हता. यात हसण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रोज दोन वेळा दोनशे ताटं भरणाऱ्या बाईचा हात तसाच घडतो. मीठ मुठीने, तिखट वाटीने आणि तेल तर तांब्याने. दोनशेजणींच्या डाळीला मीठ किती, असं झोपेतून उठवून विचारा, बाई डोळे न उघडता सांगतील. पण चौघांना किती म्हटलं की त्या बोटं मोजत बसायच्या आणि शेवटी डाळ एकतर अळणी व्हायची, नाहीतर तोंडात घालवत नसे. उंचीने म्हणाल तर बाई जेमतेम पाच फूट. 'मोठ्या बाई' हे नाव मुलींनी ठेवलं ते मोठाल्या पातेल्यांवरून. पुढे ते इतकं चिकटलं की पगाराचा कागद सोडला तर त्यांचं खरं नाव कुठे उरलंच नाही.

नोकरी संपली तशी वसतिगृहातली खोलीही गेली. बाईंनी त्याच गावात एक खोली भाड्याने घेतली, चूल मांडली आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की चौघांपेक्षा एकटीचा स्वयंपाक जास्त अवघड. सोमवारी केलेला रस्सा गुरुवारपर्यंत पुरायचा. समोर जेवायला कुणी नाही, 'आज मीठ कमी झालं' म्हणून नाक मुरडायला कुणी नाही. माणसाला नावं ठेवणारंसुद्धा कुणीतरी लागतं, हे बाईंना साठाव्या वर्षी कळलं.

अशात एका संध्याकाळी फोनवर सहा वर्षांची नात म्हणाली, की आज पण आम्ही ब्रेड खाल्ला. आज पण म्हणजे सलग चौथा दिवस. बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. लेकीची अडचण त्यांना ठाऊक होती. लेक आधी बस डेपोच्या कार्यालयात पास बनवायची, आणि सहा महिन्यांपूर्वी परीक्षा देऊन स्वतःच बस चालवायला लागली होती. पाच नंबरची बस, कधी पहाटेची पाळी तर कधी दुपारची. जावई चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचा, आणि लोकांना चष्मे नेमके सणासारखे एकदमच हवे असतात, त्यामुळे त्याच्याही घरी येण्याचा भरवसा नाही. दोघंही राबणारी, पण घरात चूल पेटवायला हात शिल्लक नाही.

बाई दोन पिशव्या घेऊन लेकीच्या दारात उभ्या राहिल्या. एका पिशवीत कपडे, दुसरीत त्यांचं स्वतःचं मोठं पातेलं आणि झारा. प्रवासभर त्यांनी एक वाक्य घोळवलं होतं. 'मी इथेच राहू का?' एवढंच. पण दार उघडलं, दोन खोल्यांचं ते घर दिसलं, त्यांना वाट द्यायला जावई भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि ते वाक्य कुठल्या कुठे गेलं. चपला काढायच्या आधीच बाई बोलून गेल्या, "फ्रीजर भरून देते आणि जाते. तीन आठवडे लागतील."

लेक म्हणाली, "बरं."

जावई काहीच म्हणाला नाही. त्याने जड पिशवी उचलली आणि आत नेली.

आता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, की बाईंना जायचं नव्हतं. मुळीच जायचं नव्हतं. पण मागायचं कुठल्या तोंडाने? लेक लहान असताना वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एका पालथ्या पातेल्यावर बसून राहायची, दोनशेजणींची जेवणं होईपर्यंत. भूक लागली म्हणाली की बाई म्हणायच्या, "आधी त्या दोनशे, मग तू." नियम होता तसा, आणि बाईंना नोकरी टिकवायची होती. पोरीने कधी हट्ट केला नाही, आणि तेच बाईंच्या मनाला जास्त टोचत होतं. जिला आपण सगळ्यांत शेवटी वाढलं, तिच्याकडे आता म्हातारपणी ताट मागायचं हे त्यांना पटेना. त्यापेक्षा फ्रीजर भरून द्यावा, थोडंफार फेडावं आणि आपल्या वाटेने जावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

घरच्या फ्रिजच्या कप्प्यात चार डबेही मावले नसते. दुसऱ्याच दिवशी जावयाने जुना आडवा फ्रीजर आणला, एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला. चार माणसांनी तो जिना चढवला आणि बाल्कनीत बसवला. लेक सांगत होती, की तिथे एक छोटाही होता, निम्म्या किमतीचा, पण ह्यांनी हाच घेतला. बाईंनी आत डोकावून अंदाज बांधला, सहा-सहाच्या दहा चळती, म्हणजे साठ डबे. त्या मनात म्हणाल्या, घ्या, जावईबापूंनी सासूला चांगलंच जुंपलं. जितकं भरून जाईल तितकं बरं, असं दिसतंय.

कामाचे दिवस ठरले रविवार आणि बुधवार. पातळ प्लास्टिकच्या हिरव्या झाकणांच्या शंभर डब्यांचा गठ्ठा आला. पहिल्या खेपेला बाईंनी डबे काठोकाठ भरले, कारण वसतिगृहात अपुरं भरलेलं भांडं म्हणजे हात आखडणारी बाई, अशी रीत. सकाळी उघडून बघतात तर निम्मी झाकणं उडालेली. जावई दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा. त्यातलं एक त्याने खर्च केलं. "पाणी गोठलं की फुगतं, आई." बाई खजील झाल्या, पण शिकल्या. एक बोट जागा सोडायची. गरम पातेलं थेट नाही, आधी टबातल्या गार पाण्यात ठेवून पूर्ण निववायचं. मीठ हातचं राखून घालायचं, लागेल ते गरम करताना. बटाटा मात्र हद्दपार, गोठून निघाला की त्याचा चोथा होतो. आठवड्याभरात बाई या विषयात इतक्या तरबेज झाल्या की शेजारणीला सल्ले देऊ लागल्या.

दोन गोष्टी मात्र त्यांनी वसतिगृहातल्याच ठेवल्या. एक म्हणजे कापणं. गाजर असो, फरसबी असो की कांदा, प्रत्येक तुकडा हरभऱ्याएवढा, म्हणजे कुठलाही चमचा भरला तरी त्यात सगळं येतं आणि 'हिला जास्त, मला कमी' अशी भांडणं होत नाहीत. दुसरी म्हणजे पट्टी. प्रत्येक भांड्यावर कागदी पट्टी चिकटवून त्यावर चार गोष्टी लिहायच्या. काय आहे, कधी केलं, कसं गरम करायचं आणि किती जणांना पुरेल. पूर्वी त्या 'चाळीसजणींना पुरेल' असं लिहायच्या. आता हिरव्या झाकणांवर लिहू लागल्या, 'वाटाणा-गाजर रस्सा. रविवार. मंद आचेवर. तिघांना पुरेल.'

तिघांना. लेक, जावई, नात. हिशोब बरोबर होता, कारण फ्रीजर उघडायचा तो बाई गेल्यावरच, हा त्यांचाच हुकूम. त्या असेपर्यंत सगळ्यांनी ताजं खायचं. पण दर वेळी तो शब्द लिहिताना त्यांचं पेन अडायचं. एकदा तर पेन टेकवून बराच वेळ थांबल्या होत्या. मग लिहिलं, कारण खोटं कसं लिहायचं?

घर त्यांना आवडायला लागलं होतं, हीच पंचाईत. नात त्यांच्या शेजारी झोपायची आणि झोपेत त्यांच्या पोटावर पाय टाकायची. दुपारी शाळेतून आली की वाटाणे सोलायला बसायची. त्यात दहा सोलले की सात पोटात. लेक पाळीवरून आली की बूट काढता काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, नुसती, वास घेत. बाईंना वाटायचं, आत्ता म्हणेल काहीतरी. ती म्हणायची, "पाणी दे गं आई." बाई पाणी द्यायच्या.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी नवे डबे रचताना बाईंची मोजणी चुकली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. दोन डबे कमी. त्यांनी पुन्हा मोजलं. दोनशे ताटांत एक ताट कमी आलं तर नुसत्या नजरेने ओळखणारी बाई, तिची मोजणी चुकते कशी? रविवारी आणखी चार गेलेले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की रोज एक डबा नाहीसा होतोय. कुणीतरी अगदी नियमाने नेतंय.

नातीला तर फ्रीजरचं झाकण उचलत नव्हतं. लेकीने जन्मात कधी न विचारता घासही उचलला नव्हता. उरला जावई. मुकाट माणूस, पोटात काय आहे कुणाला कळणार? दुकानात नेऊन खात असेल बिचारा, असं बाईंनी ठरवलं. दुसरी कुणी असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण बाईंनी काय करावं? त्यांना आनंद झाला. हो, आनंद. एक डबा गेला म्हणजे मुक्काम तेवढा लांबला. चोराला त्यांनी मनोमन आशीर्वाद दिला, शतायुषी हो बाबा, आणि मूग गिळून गप्प बसल्या.

तीन आठवडे संपले त्या रविवारी साठ डबे व्हायला हवे होते, झाले होते सत्तेचाळीस. जेवताना बाईंनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात जाहीर केलं, की फ्रीजर काही अजून भरला नाही, आणखी आठवडाभर थांबावं लागेलसं दिसतंय.

"लागू दे," लेक ताटातून मान वर न करता म्हणाली. जावई पाण्याच्या पेल्यात काहीतरी पडल्यासारखा पेल्यात बघत राहिला. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी नातीला दोन गोष्टी जास्त सांगितल्या.

आणि मग चौथ्या आठवड्यातला गुरुवार आला. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर बाई दुधीची सालं टाकायला कचऱ्याच्या डब्याशी वाकल्या आणि त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. कागदी पट्टीचा चुरगळलेला बोळा. शेजारी आणखी बोळे, आणि त्यांना चिकटून बसच्या तिकिटाच्या कागदाचा एक तुकडा. गणवेशाचा खिसा कुणीतरी तिथे रिकामा केला होता. बाईंनी खाली बसून एकेक बोळा उलगडला. सात पट्ट्या निघाल्या. मूग-गाजर, तिघांना पुरेल. खिमा-वाटाणा, तिघांना पुरेल. फरसबीचा रस्सा, तिघांना पुरेल.

म्हणजे डबे जावई नेत नव्हता. लेक नेत होती. आणि खाण्यासाठी नेलेल्या डब्याची पट्टी कोण असा चोळामोळा करून फेकतं? बाईंना एकच अर्थ लागला. लेक पहाटे निघताना डबा उचलते आणि बाहेर कुठेतरी ओतून टाकते. आवडत नसेल. हातची चव गेली असेल. तोंडावर सांगवत नसेल, म्हणून रोज एक, कुणाला कळणार नाही असा. दोनशेजणींनंतर उरलंसुरलं खाऊन वाढलेली पोर, तिला आईच्या हातचं खायची आता इच्छाच उरली नसेल तर दोष कुणाचा?

बाई रडल्या नाहीत. कधीकधी रडण्याच्याही पलीकडचं काहीतरी होतं, तसं त्यांना झालं होतं. त्यांनी फ्रीजर उघडून मोजलं. आजवर एकाहत्तर केले होते, आत चोपन्न होते. त्यांनी झाकण लावलं, पट्ट्या पदराच्या गाठीत बांधल्या, आणि त्या डेपोवर निघाल्या. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथूनच सुटायच्या. रविवारचं तिकीट काढायचं, फ्रीजर भरो न भरो.

तिकिटाच्या खिडकीपुढे रांग होती. खिडकीच्या बाजूला चालक-वाहकांची बसायची खोली, दार सताड उघडं. आतल्या बाकावर तिघंजण मधे एक डबा ठेवून जेवत होते. एक म्हातारा मिस्त्री, हात तेलाने काळे, एक कंडक्टरबाई आणि एक तिकीट तपासनीस. डब्याचं झाकण हिरवं होतं. पण बाईंनी झाकण नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते मिस्त्रीच्या चमच्यात, हरभऱ्याएवढं गाजर, हरभऱ्याएवढी फरसबी. स्वतःच्या हातचं कापलेलं बाई लांबूनही ओळखतात.

रांग सोडून त्या दारात गेल्या. हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. मिस्त्री बोलका होता, त्याला कुणी विचारायचीच खोटी. त्याने सांगितलं, की पाच नंबरवाली चालक आहे ना, ती रोज एक डबा आणते. तिघांना एक, आम्ही पाळ्या लावल्यात. इथे सगळ्यांचीच घरं पळापळीची, कुणाच्या घरी गरम शिजत नाही. चव म्हणाल तर बोटं चाटत राहावीत. एकच खोड आहे, वर काय आहे ते लिहिलेलं नसतं, पट्टी फाडलेली असते, त्यामुळे गरम केल्यावरच कळतं काय निघालं ते. आम्ही त्याला लॉटरी म्हणतो. कंडक्टरबाई हसल्या आणि त्यांनी बाईंना बसायला जागा करून दिली.

बाई बसल्या. टाकत नव्हती. पोर टाकत नव्हती, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. पण मग पट्ट्या का फाडायच्या? आणि घरचं भरलेलं असं वाटून का टाकायचं? त्यांनी कसंबसं विचारलं, की ती का देते तुम्हाला?

मिस्त्रीने चमचा खाली ठेवला. "आम्हीही विचारलं. म्हटलं, किती दिवस मिळणार? तर म्हणाली, आई आहे तोवर. म्हटलं, आई किती दिवस आहे? तर म्हणाली, ते तुम्ही किती खाता त्यावर आहे."

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. कंडक्टरबाई घाबरून पाणी आणायला उठल्या. मिस्त्रीने काळजीने विचारलं, काही दुखतंय का? बाईंनी मान हलवली. दुखत होतं ते सगळं आता आता थांबलं होतं, पण हे त्या परक्या माणसाला कसं सांगायचं? तिकीट न काढता त्या घरी परतल्या, आणि वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत शिरल्या.

संध्याकाळी लेक आली, तिच्या पाठोपाठ जावई. नात जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. स्वयंपाकघरात चूल थंड होती, आणि बाई स्टुलावर बसून होत्या. त्यांच्या मांडीवर सात पट्ट्या सरळ करून ठेवलेल्या. लेकीने त्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला. लहानपणी काही फुटलं की असाच उतरायचा.

"डेपोवर गेले होते," बाई म्हणाल्या. "तुझ्या मिस्त्रीने सांगितलं मला."

लेक दाराला टेकून उभी राहिली. मग बोलायला लागली आणि थांबेना.

"तू दारातच म्हणालीस, भरून देते आणि जाते. चपला काढायच्या आधी. मी काय म्हणणार होते? मला वाटलं, हिला तिकडे बरं वाटत असेल, एकतीस वर्षं लोकांसाठी राबली, आता हिला मोकळं राहायचं असेल, मी कशाला अडकवू? मग एकदा पहाटे फ्रीजर उघडून बघितला तर ओळीने सगळ्या झाकणांवर तेच. तिघांना पुरेल, तिघांना पुरेल. सकाळी सकाळी ते वाचायचं आणि बस चालवायला जायचं! मी हिशोब केला, या वेगाने वीस दिवसांत भरतोय. दुसऱ्या दिवशी एक डबा उचलला. पट्टी वाचवेना, म्हणून फाडून खिशात कोंबायचे."

बाई म्हणाल्या, की अगं, मला वाटलं तू टाकून देतेस.

"टाकून?" लेकीचा आवाज फुटला. "तुझ्या हातचं? आई, मी पातेल्यावर बसून वाट बघायचे ना, ती जेवणाची नाही बघायचे. दोनशेजणी उठल्या की तू माझ्यापाशी येऊन बसायचीस, त्याची बघायचे."

बाईंनी लेकीचा हात धरून तिला स्टुलापाशी ओढलं आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. लेक गणवेशातच खाली बसली. दोघी रडल्या, अगदी मनसोक्त. नातीने मान वर करून पाहिलं, कुणाला लागलं का याचा अंदाज घेतला आणि पुन्हा रंगवायला लागली. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड आई-लेकी दोघींनाही सारखीच, एक राहायचं म्हणून डबे हरवू देतेय आणि दुसरी ठेवून घ्यायचं म्हणून डबे पळवतेय. पण बाईंचं मन अजून पुरतं निवलं नव्हतं. घर एकट्या लेकीचं नव्हतं. दारात तो मुका माणूस उभा होता, ज्याने पहिल्या दिवशी एक अक्षर काढलं नव्हतं, आणि त्याच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय त्यांना इथे एक घास गोड लागला नसता. त्याच्याकडे बघायचं त्यांना धाडस होईना. म्हणून त्या लेकीलाच विचारत राहिल्या, भलतंच काहीतरी.

"किती नेलेस एकूण?"

"चौदा."

"सतरा," बाई म्हणाल्या.

लेकीने डोळे पुसले. चौदाच, रोज एक, सुट्टीचे दिवस सोडून, असं तिने ठासून सांगितलं. बाईही ठाम होत्या. एकाहत्तर केले, चोपन्न आहेत, सतरा गेले, आणि मोजण्यात आपण आजवर चुकलेलो नाही. दोघींची चांगली जुंपण्याच्या बेतात होती.

"तीन मी नेले," जावई दारातून म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं. त्याने चष्मा काढला होता आणि तो शर्टाच्या टोकाने पुसत होता, जो पुसलेलाच होता.

"हिची सुट्टी असायची त्या दिवशी कोण नेणार?" तो म्हणाला. "तीन सुट्ट्या झाल्या."

लेक तोंड उघडं टाकून नवऱ्याकडे बघत राहिली. आपण पहाटे काय करतो हे त्याला माहीत आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. बाईंनी विचारलं, की तुम्ही कुणाला दिलेत? तर त्याच्या दुकानात मालक आणि तो असे दोघंच, आणि मालक पथ्यावर. म्हणजे तिन्ही डबे याने एकट्याने संपवले होते. दुपारचं घरचं जेवण झाल्यावर, वर तिघांना पुरेल एवढा रस्सा. त्या तीन संध्याकाळी तो ताटावरून लवकर उठला होता, आणि बाईंनी मनाला लावून घेतलं होतं, की याला आपल्या हातचं आवडत नाही.

"तिघांचं एकट्याने? अहो, पोट फुटलं असतं," बाई म्हणाल्या.

"टाकवेना." त्याने चष्मा लावला. "आणि भरून तर चालणार नव्हतं, आई. मी मोठा बघून आणला होता फ्रीजर. पण तुमचा हात फार भराभर चालतो."

त्याच्या दिवसभराच्या वाक्यांपेक्षा ही कितीतरी जास्त होती. बाईंना हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा डोळे भरले. त्या उठल्या, त्याच्यापाशी गेल्या. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच, तरी त्यांनी टाचा उंचावून त्याच्या गालावर हात ठेवला.

"अरे वेड्या, मग तोंड उघडून सांगायचंस की रे मला."

नऊ वर्षं ज्याला त्यांनी अहो-जाहो केलं, त्याला त्या 'अरे' म्हणाल्या होत्या. त्यांचं त्यांना कळलंही नाही. त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले आणि त्याने मान खाली घातली.

"आता सांगतो," तो म्हणाला. "जाऊ नकोस, आई."

"नाही जात," बाई म्हणाल्या.